संकर : बियाण्यातला आणि माणसांतला



वाचकहो, 'संकर' हा एकच शब्द आपल्याला दोन ठिकाणी भेटतो. बी-बियाण्याच्या दुकानात गेलात की मक्याच्या, बाजरीच्या, सूर्यफुलाच्या पिशवीवर ठळक अक्षरांत 'संकरित' असे छापलेले असते आणि त्या एका शब्दासाठी शेतकरी दोन पैसे जास्त मोजतो. तोच शब्द पोथीत मात्र शापासारखा येतो. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाला धास्ती पडते ती वर्णसंकराची. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात तर कोणत्या वर्णाच्या बापापासून कोणत्या वर्णाच्या आईला झालेली संतती किती हीन, याची यादीच दिलेली आहे. ज्या पुस्तकाची २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला होळी झाली, ते हेच पुस्तक.

पिशवीवरचा संकर चांगला आणि पोथीतला संकर वाईट, हे कसे? हा प्रश्न आमच्यापुढे आला तो एका साध्या प्रसंगातून. वर्षावासात आमच्या विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन संपल्यावर एका तरुण जोडप्याचे दीड-दोन वर्षांचे बाळ सगळ्यांच्या मांडीवरून फिरत होते. बाळाची आई दुसऱ्या समाजातून आलेली. एका आजींनी बाळाचा गालगुच्चा घेतला आणि हसत म्हणाल्या, "लई चपळ हाय गं. हायब्रीड हाय न्हवं!" आजींच्या मनात वाईट काही नव्हते, पण बाळाच्या आईचा चेहरा उतरला. तेव्हा शेतकी शिकलेला आमचा एक तरुण कार्यकर्ता तिची बाजू घ्यायला पुढे झाला. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. हायब्रीड जास्त जोमदार असतं. शास्त्रच सांगतं. म्हणून तर आंतरजातीय लग्नं व्हायला पाहिजेत."

त्या तरुणाचा हेतू चांगला होता. पण घरी येताना आम्हाला वाटत राहिले की, आजींचे बोलणे जितके खटकले तितकेच या तरुणाचे उत्तरही तपासून घ्यायला हवे. हायब्रीडला जोम का येतो, हे आधी समजून घेऊ. मग माणसांबद्दल बोलू.

हायब्रीड आमच्या ताटात कशी आली

सोलापूर जिल्हा म्हणजे ज्वारीचा जिल्हा. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात आणि तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आपली मालदांडी रब्बीची. पावसाळ्यात काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती येते. आजही खेड्यातल्या आपल्या घरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तयारीबरोबरच पेरणीचीही लगबग असते, ती याच ज्वारीसाठी.

१९६४ साली भारतातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, शेतकऱ्यांपुढे आला. तो खरिपाचा. त्याचे कणीस भरगच्च, ताट बुटके. पुढच्या काही वर्षांत 'हायब्रीड' हा शब्द मराठीत असा रुळला की तो इंग्रजी आहे हेही लोक विसरले. १९७२च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, रेशनवरची लाल मिलो दळून आणली, त्यांना पुढच्या वर्षांत हायब्रीडनेच पोटभर भाकरी दिली, हे विसरता कामा नये. हायब्रीडला नावे ठेवणारे बहुधा ज्यांच्या घरी कणगी भरलेली होती तेच होते.

पण आमच्या आयाबायांच्या तक्रारीही खऱ्या होत्या. कणीस भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडायचा. पिठाला मालदांडीसारखी विरी नसायची, भाकरी थापताना फाटायची आणि गार झाली की कडक व्हायची. ताट बुटके म्हणून कडबा कमी, आणि जनावरे तो आवडीने खात नसत. दाणा वाढला, पण सगळेच काही वाढले नाही. ही गोष्ट पुढे कामाला येईल, लक्षात ठेवा.

जोम येतो कुठून?

या शतकभराच्या कथेची सुरुवात अमेरिकेत झाली. न्यूयॉर्क शहराजवळ लाँग आयलंड नावाचे बेट आहे. तिथल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉर्ज शल नावाचे शास्त्रज्ञ मक्यावर प्रयोग करीत होते. मक्याचा तुरा वेगळा, कणीस वेगळे. त्यामुळे एका झाडाचे परागकण वाऱ्याने दुसऱ्याच्या कणसावर जातात. शल यांनी कणसाला पिशवी बांधून त्याच झाडाचे परागकण त्याच कणसावर टाकायला सुरुवात केली. म्हणजे बी 'शुद्ध' करायला घेतले.

काय झाले? पिढी दर पिढी झाड खुरटत गेले, कणीस लहान झाले. जितके बी शुद्ध, तितके झाड दुबळे. मग त्यांनी अशा दोन वेगवेगळ्या शुद्ध, दुबळ्या वाणांचा संकर केला, आणि पहिल्याच पिढीत झाडे अशी तरारून आली की ज्या मूळ मक्यापासून सुरुवात केली होती त्याच्याही पुढे काही जोड्या गेल्या. १९०८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि १९१४ साली या जोमाला 'हेटेरोसिस' हे नाव दिले. आपण त्याला संकरजोम म्हणू.

आता यामागचे कारण. प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या शरीराची घडण ठरवणाऱ्या सूचना असतात. एका सूचनेला जनुक म्हणतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. हे समजायला विहाराच्या ग्रंथालयातल्या पुस्तकाचे उदाहरण घेऊ. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती आहेत. एका प्रतीचे तिसरे आणि सातवे पान फाटले आहे, दुसरीचे दुसरे आणि नववे. एकेक प्रत अपुरी. पण दोन्ही शेजारी ठेवल्या तर अख्खा ग्रंथ वाचता येतो, कारण एकीत नसलेले पान दुसरीत शाबूत आहे. पण दोन्ही प्रती एकाच फाटक्या पुस्तकाच्या झेरॉक्स असतील तर? मग शंभर प्रती ठेवा, तिसरे पान मिळायचे नाही.

पानांचे फाटणे म्हणजे जनुकात झालेला बिघाड. असे बिघाड प्रत्येक सजीवात असतात, पण बहुतेक झाकलेले असतात, कारण दुसरी चांगली प्रत काम भागवते. शल यांनी मका 'शुद्ध' केला, म्हणजे दोन्ही प्रती एकसारख्या केल्या. स्वतःच्याच परागकणांनी फळलेल्या झाडात दर पिढीला वेगवेगळ्या प्रतींच्या जोड्या निम्म्या होतात. सात पिढ्यांत शंभरातली एकसुद्धा उरत नाही. मग झाकलेले सगळे बिघाड उघडे पडतात आणि झाड खुरटते. दोन वेगळ्या वाणांचा संकर झाला की एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि झाड उभारी धरते. या मताला प्रभावित्वाचा सिद्धांत म्हणतात, म्हणजे चांगली प्रत बिघडलेल्या प्रतीवर मात करते. तो १९०८ ते १९१० या काळात तीन-चार शास्त्रज्ञांनी मांडला, आणि १९१७ साली डोनाल्ड जोन्स यांनी त्यातली एक मोठी अडचण सोडवली.

अडचण अशी की, जोम जर नुसत्या चांगल्या पानांमुळे असेल, तर सगळी चांगली पाने एकाच प्रतीत गोळा करून कायमचे जोमदार शुद्ध बी का तयार होत नाही? जोन्स यांनी उत्तर दिले की पाने सुटी नसतात, ती प्रकरणाप्रकरणाने शिवलेली असतात. जनुके गुणसूत्रांवर ओळीने जोडलेली असतात. चांगल्या पानाशेजारी फाटके पान शिवलेले असेल तर एक घेताना दुसरेही येते. हजारो जनुकांचा हिशोब जमायला अनेक पिढ्या लागतात, आणि पूर्ण जमतच नाही.

दुसरे एक मत असे आहे की काही जनुकांत दोन वेगळ्या प्रती एकत्र असणे हेच मुळात फायद्याचे असते. दोन चांगल्या प्रतींपेक्षाही ती जोडी सरस ठरते. याला अतिप्रभावित्व म्हणतात. याचे ठळक उदाहरण २०१० साली टोमॅटोत सापडले. फुलोऱ्याची वेळ ठरवणाऱ्या एका जनुकाची एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली असली की झाडाला फळे भरपूर लागतात. हे शोधणाऱ्यांत इस्रायलच्या शास्त्रज्ञांबरोबर त्याच कोल्ड स्प्रिंग हार्बरचे शास्त्रज्ञ होते. आज शंभर वर्षांनंतर शास्त्राचे म्हणणे साधारण असे आहे की, जोमाचा मोठा वाटा उणीव भरून काढण्याचा. काही ठिकाणी अतिप्रभावित्वाचा. आणि काही वाटा वेगवेगळ्या जनुकांच्या आपसातल्या देवाणघेवाणीचा. पीक बदलले की हे प्रमाणही बदलते.

बी दरवर्षी विकत का घ्यावे लागते?

हायब्रीडचे बी घरी राखून पुन्हा पेरले तर पीक साधत नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. काहींना वाटते ही कंपनीची लबाडी. पण कारण आनुवंशिकतेतच आहे. आपल्या उदाहरणातली चार फाटकी पाने घ्या. पहिल्या पिढीत प्रत्येक रोपाला प्रत्येक पानाची एक चांगली प्रत मिळालेली असते, म्हणून शंभरच्या शंभर रोपे सारखी जोमदार. त्यांचेच बी पेरले की प्रत्येक पानाबाबत चारांतल्या एका रोपाला दोन्ही प्रती फाटक्या मिळतात. चारही पाने शाबूत असलेली रोपे शंभरात सुमारे ३२च उरतात. कुठे उंच, कुठे बुटके, कुठे रिकामे कणीस, अशी शेतात सरमिसळ होते आणि सर्वसाधारणपणे जोम निम्म्यावर येतो.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. मालदांडीचे बी घरच्या कणगीत असते. हायब्रीडचे बी दुकानात असते, आणि दुकानात जायला दर हंगामात रोख लागते. ज्याची दोन-अडीच एकर कोरडवाहू आहे त्याने हा हिशोब आधी मांडावा. पाऊसपाण्याची खात्री असेल तर हायब्रीडचा पैसा फिटतो. खात्री नसेल तर उधारीवर आणलेली पिशवी अंगावर येते. १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला, त्यात जमिनीच्या आकारापेक्षा तिच्यावर घालायला भांडवल किती आहे याकडे त्यांनी लक्ष वेधले होते. हायब्रीड बियाण्याच्या काळात हा मुद्दा जास्तच खरा ठरला आहे.

हायब्रीडचे बी तयार कसे होते हेही थोडक्यात सांगतो. ज्वारीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे ती बहुतांशी स्वतःच फळते. संकर करायचा तर लाखो फुलांतले नर भाग हाताने कोण काढणार? १९५४ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड या शास्त्रज्ञांना आढळले की मिलो ज्वारीची पेशी आणि काफिर ज्वारीची गुणसूत्रे एकत्र आली की झाडाला परागकणच धरत नाहीत. असे झाड मादी म्हणून लावायचे, शेजारी नर वाणाच्या ओळी लावायच्या, वारा बाकीचे काम करतो. दुष्काळात रेशनवर मिळालेल्या ज्या मिलोला आपण नाके मुरडली, तिच्याच जातभाईंनी हायब्रीड ज्वारीचा मार्ग मोकळा केला.

मात्र यात एक धोका दडलेला असतो. १९६५ साली आलेली हायब्रीड बाजरी, एचबी-१, आणि तिच्या पाठोपाठचे वाण एकाच मादी वाणावर उभे होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोगाने, म्हणजे केवड्याने, या बाजरीचा फडशा पाडला. सगळी शेते एकाच आईची असल्यामुळे एकीला जो रोग बाधला तो सगळ्यांना बाधला. म्हणजे हायब्रीडच्या एका झाडात विविधता असते, पण हायब्रीडच्या शेतात ती नसते. तिथे शंभर झाडे एकसारखी असतात.

मालदांडी हरली का नाही?

तरुण मित्राने सांगितले तसे हायब्रीड नेहमीच सरस असते, तर सोलापूरच्या शिवारातून मालदांडी केव्हाच गेली असती. १९३०च्या दशकात आपल्याच जिल्ह्यात मोहोळ येथील संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून एम ३५-१ हा वाण निवडला गेला. तो हायब्रीड नाही, निवड केलेला सरळ वाण आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे रब्बी ज्वारीचे केंद्र सोलापुरातच आहे. रब्बीसाठीही अनेक हायब्रीड निघाले. तरीही आज रब्बीत मालदांडीचे स्थान कायम आहे.

याची कारणे आनुवंशिकतेतही आहेत. एक तर ज्वारी शतकानुशतके स्वतःच फळत आली आहे. त्यामुळे तिच्यातले वाईट बिघाड झाकून राहिलेच नाहीत. ते उघडे पडले, दुष्काळात ती ताटे मेली, आणि शेतकऱ्याने, बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या बायकोने, चांगली कणसे निवडून बियाण्याला बांधून ठेवली. मक्यासारखी ती शुद्ध केल्यावर खुरटत नाही. दुसरे असे की, रब्बीच्या स्थानिक ज्वारी एकमेकींच्या जवळच्या नात्यातल्या. दोघींची पाने एकाच ठिकाणी फाटली असतील तर संकर करून काय भरून निघणार? लांबची मादी आणावी तर खोडमाशी आणि खडखड्या रोग तिला सोसत नाहीत, आणि थंडीत परागकण नीट धरत नाहीत. शिवाय दाण्याचा मोत्यासारखा रंग, भाकरीची चव, कडब्याची गोडी, या गोष्टी बाजारात भाव ठरवतात.

तात्पर्य असे की, संकर म्हणजे जादू नव्हे आणि शुद्धता म्हणजे शक्ती नव्हे. कोणाशी कोणाचा संकर, कोणत्या मातीत, कशासाठी, यावर सगळे अवलंबून असते.

आता माणसांबद्दल

१९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्याच काळात तिथून जवळच, कोल्ड स्प्रिंग हार्बरला, दोन कामे शेजारी शेजारी चालत. एक मक्याचे. दुसरे माणसांचे. तिथले प्रमुख चार्ल्स डेव्हनपोर्ट यांनी १९१० साली एक कार्यालय उघडले होते. 'चांगल्या वंशाची' आणि 'वाईट वंशाची' कुटुंबे कोणती याच्या नोंदी तिथे ठेवल्या जात. या विचाराला सुप्रजननशास्त्र म्हणत. त्याच्या नावाखाली अमेरिकेत हजारो गरीब, अपंग, असहाय माणसांची सक्तीने नसबंदी करण्यात आली.

गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, संकरजोमामागे प्रभावी जनुके असावीत असे १९०८ साली सुचवणाऱ्यांत हेच डेव्हनपोर्ट होते. आणि याच माणसाने १९२९ साली जमैकातल्या काळ्या-गोऱ्या संततीवर ग्रंथ लिहून माणसांतला संकर घातक असल्याचे प्रतिपादन केले. मक्यात संकर चांगला, माणसात वाईट! पोथी लिहिणाऱ्याने जे धर्माच्या नावाने केले तेच यांनी शास्त्राच्या नावाने केले. पुढे त्यांचे ते शास्त्र खोटे ठरले आणि १९३९ साली ते कार्यालयही बंद झाले.

आपल्याकडेही जातीचे समर्थन करणारे सुशिक्षित लोक म्हणू लागले होते की जात म्हणजे वंश शुद्ध राखण्याची योजना आहे. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी या युक्तिवादाचा समाचार घेतला. त्याआधी, १९१६ साली कोलंबियातल्या निबंधातच त्यांनी दाखवले होते की जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहाच्या सक्तीत आहे आणि ती सक्ती मूळच्या मोकळ्या समाजावर मागाहून लादलेली आहे. २०१३ साली हैदराबाद आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी या देशातल्या निरनिराळ्या समूहांची मोठी सरमिसळ झाली आणि त्यानंतर ती थांबत गेली. म्हणजे आपण सगळेच संकरित आहोत. शुद्ध कोणीच नाही, नव्हते. कुंपणे नंतर घातली गेली.

तेव्हा त्या तरुण मित्राला आमचे सांगणे असे. दोन जातींची माणसे म्हणजे शल यांच्या मक्याचे दोन शुद्ध वाण नव्हेत. एकेका जातीत लाखो माणसे, प्रत्येकाची जनुके वेगळी. आंतरजातीय लग्नातून पहिलवानच जन्मतात असे नाही. फार तर एकच फाटके पान दोन्हीकडून येण्याची शक्यता कमी होते, एवढेच. आणि समजा उद्या कोणी नवा डेव्हनपोर्ट उलटे आकडे घेऊन आला, तर आपण समता सोडून देणार आहोत काय? समता, स्वातंत्र्य, बंधुता यांना जनुकांची साक्ष लागत नाही. दोन माणसांनी एकमेकांना पसंत करून संसार मांडला, याहून दुसरे प्रमाणपत्र त्या लग्नाला नको. बियाणे आपण उत्पन्नासाठी पेरतो; मूल उत्पन्नासाठी जन्माला घालत नाही.

घरासाठी दोन गोष्टी

मग या शास्त्राचा आपल्या घराला काही उपयोग नाही का? आहे, आणि तो मोठा आहे.

पहिली गोष्ट नात्यातल्या लग्नांची. आमच्या सोलापूरकडे, विशेषतः कर्नाटकाच्या सीमेलगत, मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत. काही घरांत मामा-भाचीचेही लग्न होते. मुलगी घरातल्या घरात राहते, हुंडापांडा वाचतो, असे म्हातारी माणसे सांगतात. पण फाटक्या पानाचे उदाहरण आठवा. मामा-भाचीच्या मुलात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाची झेरॉक्स असण्याची शक्यता आठांत एक असते. मामेबहीण-आतेभावाच्या मुलात ती सोळांत एक. जन्मजात दोष कोणाच्याही मुलात शंभरात दोन-तीन दिसतात. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या मुलांत हे प्रमाण जवळपास दुप्पट होते. बहुतेक मुले निरोगीच होतात, म्हणून ज्यांचे असे लग्न झाले आहे त्यांनी घाबरून जाऊ नये आणि कोणी त्यांना बोल लावू नये. पण नवीन सोयरीक जुळवताना हा विचार जरूर करावा. कोणी म्हणेल, ज्वारीतले बिघाड जसे आपोआप निघून गेले तसे माणसांतलेही जातील. वाचकहो, शेतात ते ताटे मरून गेले. माणसांत ते मुले मरून जातात. हा मार्ग आपला नव्हे.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या अनेक कुटुंबांत हा आजार आहे, त्यात आपलेही बांधव आहेत. याच्या जनुकाची एक प्रत बदललेली असली तर माणूस निरोगी असतो, उलट हिवतापाच्या गंभीर आजारापासून त्याला काहीसे संरक्षण मिळते. टोमॅटोत पाहिलेल्या अतिप्रभावित्वाचे हे माणसातले उदाहरण. पण आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता असते की मुलाला दोन्ही प्रती बदललेल्या मिळतील, आणि मग वेदना, रक्तक्षय, दवाखाना. थॅलेसेमियाचेही असेच आहे. साध्या रक्ततपासणीने वाहक कळतो. २०२३ सालापासून सिकलसेलसाठी केंद्र सरकारचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. पत्रिका जुळवणे आपण १९५६ साली सोडले. आता लग्न ठरवण्याआधी रक्ताचा अहवाल पाहण्याची रीत आपणच घालून देऊ या. वाहक असणे हा दोष नाही, लाजेची बाब तर मुळीच नाही. वधू-वर मेळाव्याच्या अर्जात शिक्षण, नोकरी, पगार एवढे सगळे विचारतो, तिथे आणखी एक रकाना वाढला तर काय बिघडले?

शेवटी त्या आजींबद्दल. पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्याशेजारी बसलो आणि विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकले. म्हणाल्या, "आमाला हायब्रीडनं जगिवलं बाळा, म्हून तोंडात बसलंय त्ये. पोरीला वंगाळ वाटलं असंल तर न्हाई म्हणायची." मग उठून त्या बाळाच्या आईकडे गेल्या, तिच्या कडेवरून बाळ घेतले आणि वंदना संपेपर्यंत मांडीवर घेऊन बसल्या. बाळाला सगळे त्याच्या नावानेच हाक मारतात, आजीसुद्धा.

जय भीम, जय बुद्ध!